बिल्डिंगला मत दिलंत, आता आतल्या माणसांकडेही बघा: कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

कॅलिफोर्नियातल्या, त्यातही बे एरियातल्या माझ्या मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कम्युनिटी कॉलेजचा (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, जिथून पुढे युनिव्हर्सिटीत जाता येतं) विषय दर दोन-चार महिन्यांनी निघतोच. अकरावीतल्या मुलाने कॅल्क्युलस डी अँझा कॉलेजला घ्यावं की शाळेतलं एपी (कॉलेजच्या पातळीचा शाळेतला कोर्स) करावं, ओलोनी कॉलेजला समरमध्ये काय काय ऑनलाइन आहे, ईएडी (कामाचं परमिट) आलंय तर अकाउंटिंगचं सर्टिफिकेट करून टाकू का, इथून यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) ट्रान्सफर घेणं सोपं पडतं का. माहिती सगळ्यांना सगळी असते, युनिटला ४६ डॉलर पडतात (२०१२ पासून तोच रेट आहे), डुएल एन्रोलमेंट (शाळेत असतानाच कॉलेजचे क्लास) करणाऱ्या हायस्कूलच्या मुलांना बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी पडत नाही, हे तर तोंडपाठ असतं. पण तिथे शिकवणाऱ्या, खिडकीवर बसणाऱ्या, लॅब लावून देणाऱ्या माणसांचं काय चाललंय, त्यांना कोणी नवीन काही शिकवतं का, ती तिथे टिकतात का, यावर मी आजवर एकही मेसेज वाचला नाही. म्हणून हे पत्र, आणि मराठीत अशासाठी की या कॉलेजांचे ट्रस्टी (कारभार बघणाऱ्या बोर्डाचे सभासद) आपण निवडून देतो आणि त्यांना प्रश्न विचारणारं आपल्यातलं कोणी नसतं.

मी गणित शिकवते, दोन वेगळ्या डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे एका बोर्डाखालची एक किंवा अधिक कॉलेजं), पार्ट-टाइम. कॉलेजांची नावं घेत नाही कारण जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने सगळीकडे आहे आणि मला कुठल्या एका डीनबद्दल तक्रार करायची नाही, माझे दोन्हीकडचे डीन चांगली माणसं आहेत.

आधी पसारा किती मोठा आहे ते सांगते. राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं, ७३ डिस्ट्रिक्ट, वीस लाखांच्या वर विद्यार्थी. उच्च शिक्षणाची एवढी मोठी सिस्टिम अमेरिकेत दुसरी नाही. आणि डोकी मोजलीत तर शिकवणाऱ्यांतले साधारण दोन तृतीयांश लोक पार्ट-टाइम आहेत. १९८८ मध्ये एबी १७२५ नावाचा कायदा झाला, त्यात म्हटलं होतं की क्रेडिटचं ७५ टक्के शिकवणं फुल-टाइम शिक्षकांकडून व्हावं. तेव्हा जन्मलेली मुलं आज आईबाप झालीत, आणि राज्यभराचं बघितलं तर ते ७५ अजून लांबच आहे. ज्यांनी महाराष्ट्रात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) काढलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको, तासाप्रमाणे पैसे, सुट्टीत शून्य, पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून. इथे मुलाखत दरवर्षी द्यावी लागत नाही एवढंच, पण पुढच्या सेमिस्टरला क्लास मिळेल का हे सेमिस्टर तोंडावर येईपर्यंत पक्कं नसतं, आणि एखाद्या फुल-टाइम शिक्षकाचा क्लास मुलं कमी म्हणून रद्द झाला तर तुमचा क्लास त्यांना जातो, तुम्ही तयारी करून बसला असलात तरी.

आता यात ६७ टक्क्यांची एक गंमत वाटावी अशी पण खरंतर फार त्रासाची गोष्ट आहे. कायद्याने पार्ट-टाइम माणसाला एका डिस्ट्रिक्टमध्ये फुल-टाइम लोडच्या ६७ टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. पूर्वी ६० होतं, २००८ च्या कायद्याने ६७ झालं. फुल लोड पंधरा युनिटचा धरला तर दहा युनिट, म्हणजे पाच-पाच युनिटचे गणिताचे दोन क्लास, संपलं. घर चालवायचं तर तिसरा आणि चौथा क्लास दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये शोधायचा. म्हणून सकाळी एक कॉलेज, दुपारी ६८० किंवा ८८० फ्रीवेवर अडकायचं, संध्याकाळी दुसरं कॉलेज. इकडे अशा लोकांना फ्रीवे फ्लायर म्हणतात. हा आकडा वाढवायचं बिल विधिमंडळात पास झालं होतं, २०२१ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी व्हेटो केलं, कारण डिस्ट्रिक्टवर खर्चाचा बोजा पडेल.

पगाराबद्दल रडायला हे पत्र लिहीत नाहीये. पगार महत्त्वाचा आहेच, त्यासाठी युनियन आहे. मला बोलायचंय ते शिकण्याबद्दल. या माणसांनी नवीन काही शिकायचं तर ते कोणाच्या वेळेत शिकायचं, याबद्दल.

कारण गेल्या सात-आठ वर्षांत आमचं काम पार बदललंय. एबी ७०५ कायदा २०१७ मध्ये सही झाला आणि २०१९ च्या फॉलपासून कॉलेजांत लागू झाला. त्याआधी प्लेसमेंट टेस्टमध्ये कमी पडलेली मुलं आधी अरिथमॅटिक, मग प्री-अल्जिब्रा, मग एलिमेंटरी, मग इंटरमीजिएट अशा पायऱ्या चढत बसायची आणि बरीचशी मधेच गळायची. आता मूल थेट ट्रान्सफर लेव्हलच्या (पुढे युनिव्हर्सिटीत धरल्या जाणाऱ्या) स्टॅटिस्टिक्सला येतं, गरज असेल तर सोबत सपोर्टचा तास असतो. मला हा कायदा मनापासून पटतो. पण त्याचा वर्गातला अर्थ बघा. एका बाकावर शाळेत एपी घेतलेलं मूल, शेजारी पंधरा वर्षांनी परत शिकायला आलेली, वेअरहाऊसमध्ये रात्रपाळी करणारी बाई, जिला अपूर्णांक बघितले की हात थरथरायला लागतात. दोघांना एकच स्टँडर्ड डेव्हिएशन शिकवायचंय. हे कसं करायचं याची एक पद्धत आहे, ती शिकून येते, अनुभवी शिक्षकांच्या वर्गात बसून येते, एकत्र बसून वर्कशीट बनवून येते. एमएस्सी केलं म्हणून येत नाही. इथे मास्टर्स डिग्री असली की तुम्ही शिकवायला पात्र, शिकवायचं कसं याचा एक दिवसाचाही कोर्स कोणी मागत नाही, त्यामुळे जे काही शिकायचं ते नोकरीत आल्यावरच.

मग चॅटजीपीटी आलं, होमवर्कची सगळी रचना परत बदलायला लागली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नरांनी गूगल, मायक्रोसॉफ्ट, अडोबी, आयबीएम यांच्याशी करार जाहीर केले की कॉलेजांना एआयची टूल्स आणि ट्रेनिंग मिळेल. चांगलं आहे, पण टूल फुकट मिळालं तरी ते बसून शिकायचा माझा तास कोणाच्या हिशोबात आहे? आणि हे कमी म्हणून की काय, खोटे विद्यार्थी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे माहीत नसेल. फायनान्शियल एडचे पैसे उचलण्यासाठी टोळ्या खोट्या नावांनी ऑनलाइन क्लासमध्ये ॲडमिशन घेतात. पहिल्या आठवड्यात रोस्टर भरलेलं, वेटलिस्ट फुल, आणि ओळख करून देणारी पोस्ट वाचायला घेतली की चार जणांचा मजकूर जवळपास शब्दाला शब्द सारखा. मग एकेकाला ईमेल करा, उत्तर येतं का बघा, झूमवर बोलवा, सेन्ससच्या तारखेच्या (विद्यार्थ्यांची अधिकृत मोजणी होते त्या दिवसाच्या) आत नाव काढा, आणि हे करताना खराखुरा बुजरा मुलगा चुकून बाहेर तर जात नाहीये ना याची धाकधूक. तुमच्या मुलीला क्लास मिळाला नाही, वेटलिस्टवर राहिली, त्यात अशी एखादी जागा अडलेली असू शकते. खोटा विद्यार्थी ओळखायचा कसा याचं ट्रेनिंग असतं, मी एक केलंय, घरी, रात्री, भांडी आवरल्यावर.

ट्रेनिंग होत नाही असं अजिबात नाही. कायद्यात फ्लेक्स कॅलेंडर नावाची सोय आहे, वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस कॉलेजला शिकवण्याऐवजी शिक्षकांच्या आणि स्टाफच्या सुधारणेसाठी वापरता येतात. वर्कशॉप होतात, सेशन खरंच छान असतात. पण फुल-टाइम शिक्षकाला तो दिवस पगारात धरलेला असतो. पार्ट-टाइमवाल्याचं काय, तर ते ज्या त्या डिस्ट्रिक्टच्या कॉन्ट्रॅक्टवर. कुठे काही तासांचे पैसे मिळतात, कुठे मिळतात पण वर्गाच्या दरापेक्षा कमी दराने, कुठे तुमचा क्लास नेमका त्या वारी असेल तरच. आणि त्या दिवशी तुमचा दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये क्लास असतो, त्यांचं कॅलेंडर वेगळं. म्हणजे विद्यार्थ्यांसमोर सगळ्यात जास्त जे उभे असतात तेच त्या हॉलमध्ये सगळ्यात कमी दिसतात. माझ्या मते या सगळ्या सिस्टिमची मोठी चूक ही आहे, बाकीचं नंतर बोलू.

आता खिडकीपलीकडची माणसं. इकडे त्यांना क्लासिफाइड म्हणतात, आपल्याकडचे शिक्षकेतर कर्मचारी. ॲडमिशन्सची खिडकी, फायनान्शियल एड, लॅब टेक्निशियन, ग्राउंड्स, कस्टोडियन, आयटी. फ्लेक्सच्या दिवशी शिक्षक हॉलमध्ये असतात आणि ही माणसं खिडकीवर असतात, कारण ऑफिस बंद ठेवता येत नाही. २०१४ मध्ये एबी २५५८ कायदा झाला आणि प्रोफेशनल डेव्हलपमेंट क्लासिफाइड लोकांनाही मिळायला पाहिजे हे कागदावर आलं, तोपर्यंत बहुतेक ठिकाणी हा शब्दच फक्त शिक्षकांपुरता होता. पण कागदावर आलं म्हणून खिडकीवर बसायला बदली माणूस मिळाला असं होत नाही.

एकच उदाहरण देते, माझ्या डोळ्यांसमोरचं. नवीन फाफ्सा (सरकारी आर्थिक मदतीचा) फॉर्म २०२३ च्या अगदी शेवटी उशिरा सुरू झाला, तुमच्या घरातही कोणीतरी त्याच्याशी झगडलं असेल. ज्या मुलांच्या आईवडिलांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही त्यांचा फॉर्म सुरुवातीचे महिने पुढेच सरकत नव्हता. अशी मुलं आमच्याकडे खूप. फायनान्शियल एडच्या खिडकीवरच्या एक ताई, वीसेक वर्षांची नोकरी असेल, लंचमध्ये फोनवर व्हिडिओ बघून नोट्स काढत होत्या की आधी काय भरायचं, कुठे अडलं तर काय करायचं, मुलाला नेमक्या कुठल्या शब्दात सांगायचं म्हणजे तो घाबरून आईला घेऊन पळून जाणार नाही. त्या नोट्सची झेरॉक्स मग बाकीच्या खिडक्यांवर फिरली. एवढं ज्ञान त्या बाईंकडे आहे, आणि त्यांच्या पदाला वरची पायरीच नाही. बढती हवी असेल तर दुसऱ्या ऑफिसात नवीन माणसासारखा अर्ज करायचा, आणि बऱ्याचदा त्या पोस्टला डिग्री लागते. त्या ज्या कॉलेजात बसून इतरांना डिग्री घ्यायला मदत करतात तिथलेच क्लास त्यांना ड्युटीच्या वेळेत घेता येतात का, तर ते सुपरवायझरच्या मर्जीवर. मे महिन्यात क्लासिफाइड एम्प्लॉयी वीक असतो, जेवण असतं, कौतुक होतं, आणि ते व्हायलाच पाहिजे, लोकांना बरं वाटतं. पण त्या ताईंना हवे आहेत ते आठवड्याचे दोन-तीन तास आणि खिडकीवर एक बदली माणूस.

हे जमणारच नाही असं नाही. केअरिंग कॅम्पस नावाचा एक उपक्रम आहे, बऱ्याच कॉलेजांनी घेतलाय, तो क्लासिफाइड लोकांना मध्यभागी ठेवतो. दहा फुटांच्या आत गोंधळलेला विद्यार्थी दिसला तर आपण होऊन विचारायचं, नावाची पट्टी लावायची, दुसऱ्या ऑफिसला पाठवताना नुसता रूम नंबर न सांगता तिकडे फोन करून किंवा सोबत जाऊन पोचवायचं. ऐकायला साधं आहे पण त्यासाठी प्रत्येकाला दुसऱ्या ऑफिसात काय काम चालतं ते माहीत लागतं, आणि ते माहीत व्हायला एकत्र बसायला वेळ लागतो. फ्लोरिडात ऑर्लँडोला व्हॅलेन्शिया कॉलेज आहे, २०११ मध्ये पहिलं ॲस्पेन प्राइझ (उत्तम कम्युनिटी कॉलेजला मिळणारा राष्ट्रीय पुरस्कार) त्यांना मिळालं, तिथे पार्ट-टाइम शिक्षकाने ठरलेले ट्रेनिंगचे तास पूर्ण केले की त्याला असोसिएट फॅकल्टी म्हणतात आणि त्याचा दर वाढतो. म्हणजे शिकलात तर त्याची किंमत मिळते. आपल्याकडेही पार्ट-टाइम शिक्षकांच्या हेल्थ इन्शुरन्ससाठी राज्य वर्षानुवर्षं पाच लाख डॉलरसुद्धा देत नव्हतं, २०२२-२३ च्या बजेटमध्ये ते दरवर्षी २० कोटी डॉलर केलं. लोक मागे लागले म्हणून झालं.

तुम्ही म्हणाल पैसे कुठून आणायचे. रास्त आहे. पण २०१८ पासून राज्य बहुतेक डिस्ट्रिक्टना ज्या फॉर्म्युल्याने पैसे देतं त्यात किती विद्यार्थी आहेत, त्यात गरीब किती, आणि किती जण डिग्री-सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडले, हे तिन्ही मोजतात. खिडकीवरून परत गेलेला मुलगा आणि तिसऱ्या आठवड्यात स्टॅटिस्टिक्स सोडून गेलेली बाई, दोघंही डिस्ट्रिक्टचं उत्पन्न कमी करून जातात. सॅन मटेओ किंवा वेस्ट व्हॅली-मिशनसारखी काही डिस्ट्रिक्ट तर या फॉर्म्युल्यावर अवलंबूनच नाहीत, त्यांचं मुख्यतः प्रॉपर्टी टॅक्सवर चालतं, म्हणजे तुमच्या-आमच्या घरांच्या किमतींवर.

आणि इथेच मला मतदार म्हणून तुमच्याशी बोलायचंय. मार्च २०२० मध्ये फूटहिल-डी अँझा डिस्ट्रिक्टने मतपत्रिकेवर दोन गोष्टी ठेवल्या होत्या. मेजर (म्हणजे प्रस्ताव) जी, ८९ कोटी ८० लाख डॉलरचा बाँड (कर्जरोखे), बिल्डिंगसाठी. आणि मेजर एच, घरटी वर्षाला ४८ डॉलरचा पार्सल टॅक्स (मालमत्तेवरचा ठराविक कर), पाच वर्षांसाठी, रोजच्या कामासाठी, माणसांसाठी. बाँड पास झाला, त्याला ५५ टक्के मतं पुरतात. पार्सल टॅक्सला दोन तृतीयांश लागतात, तो पडला. बाँडच्या पैशातून पगार किंवा ट्रेनिंग देता येत नाही, कायद्यानेच बंदी आहे. त्यामुळे अख्ख्या राज्यात हेच दिसतं की चकचकीत सायन्स बिल्डिंग उभी राहते आणि आत लॅब टेक्निशियनची जागा रिकामी असते. आपण मत देताना काचेची बिल्डिंग डोळ्यांपुढे येते, माणसाचा तास येत नाही, कारण तो फोटोत दिसत नाही.

सिस्टिमच्या चॅन्सेलर सध्या सोनिया ख्रिश्चन आहेत, मूळच्या केरळच्या, २०२३ पासून. सॅक्रामेंटोतून त्या दिशा देऊ शकतात, पण पार्ट-टाइम माणसाला ट्रेनिंगच्या तासाचे पैसे द्यायचे की नाही, खिडकी महिन्यातून अर्धा दिवस बंद ठेवून सगळ्यांना एकत्र बसवायचं की नाही, हे त्या ठरवत नाहीत. ते ठरतं युनियनशी होणाऱ्या वाटाघाटीत, आणि कॉन्ट्रॅक्टवर शेवटचा शिक्का बसतो तुमच्या डिस्ट्रिक्टच्या ट्रस्टी बोर्डाचा. चार वर्षांसाठी निवडून येतात ते. मतपत्रिकेत इतक्या खाली नाव असतं की तिथे पोचेपर्यंत आपण कंटाळलेले असतो आणि ओळखीचं आडनाव दिसेल त्याला टिक करतो किंवा कोरंच सोडतो. कृपा करून सोडू नका.

माझी मागणी एवढीच आहे की येत्या नोव्हेंबरमध्ये जे कोणी तुमच्या दारावर, दिवाळी मेळ्यात, मंडळाच्या कार्यक्रमात मतं मागायला येतील (येतात, आपल्याकडे आवर्जून येतात) त्यांना विचारा की तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये पार्ट-टाइम शिक्षकाला ट्रेनिंगच्या तासाचे पैसे वर्गाच्याच दराने मिळतात का. मिळत नसतील तर पुढच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये घालणार का, हो की नाही. मग विचारा की फ्लेक्सच्या दिवशी खिडकीवरची माणसं कुठे असतात. जमलंच तर हेही विचारा की गेल्या पाच वर्षांत नवीन फुल-टाइम शिक्षक घेतले त्यातले किती स्वतःच्याच पार्ट-टाइममधले होते. उत्तर माहीत नसेल तर काढून सांगा म्हणा, हे आकडे एचआरकडे असतात.

आणि तुम्ही सिटिझन नसाल, एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असाल, तरी बोर्डाच्या मीटिंगला जाता येतं. ब्राउन ॲक्टप्रमाणे (सरकारी बोर्डांच्या मीटिंगचा राज्याचा कायदा) मीटिंग सगळ्यांना खुली असते, अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो, पब्लिक कमेंटमध्ये कोणीही उठून बोलू शकतं, दोन-तीन मिनिटं मिळतात, तुमचा व्हिसा कोणी विचारत नाही. तुमचं मूल तिथे शिकतंय किंवा तुम्ही स्वतः शिकलात, एवढं सांगितलं तरी पुरे आहे. शिक्षक बोलले की ट्रस्टींना ती युनियनची मागणी वाटते, पालक बोलले की ते पेन काढतात, हे मी मागच्या खुर्चीवर बसून बघितलंय. डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर बोर्डाच्या तारखा असतात, बहुतेक ठिकाणी महिन्यातून एक किंवा दोन, संध्याकाळी. कोणी जाणार असेल तर ग्रुपवर टाका, क्लास नसेल त्या दिवशी मी येईन सोबत.

आपली,
एक पार्ट-टाइम गणित शिक्षिका, ईस्ट बे